पाण्याची नावं

शापीच्या निवा गाडीला तिसरा गियर नाही.
दुसऱ्यातून थेट चौथ्यात,
मधल्या जागी तो 'बिस्मिल्ला' म्हणतो.
मागच्या सीटवर जर्दाळूंची पेटी
आणि जुन्या नमद्यात गुंडाळलेलं शिवणयंत्र,
वळणावळणाला त्याचं चाक आपणहून फिरतं,
सुई काहीच न शिवता खालीवर.

गुनीबच्या उताराला, झऱ्यापाशी, त्यानं शिकवलं:
ल्हिम.
जीभ टाळूला टेकवून कडेकडेनं फुंकर सोडायची.
मला जमेना. मेंढ्यांमागचा पोरगा
हसून गवतात लोळला.
"अवार पाणी आहे," शापी म्हणाला,
"कुणाच्याही तोंडात जात नाही ते."

खिंड. जिल्हा बदलल्याची पाटी,
पाटीवर कुणीतरी वाळत घातलेला एकच मोजा.
बाल्हारच्या चढावर गाढवं, गाढवांवर मडकी,
मडक्यांवर पांढऱ्या मातीच्या रेघा.
दारातल्या लाक बाईचे हात कोपरापर्यंत चिखलात.
तिनं हनुवटीनंच रांजण दाखवला:
श्शिन.

अकुशात दार्गी म्हातारे भिंतीला टेकून ऊन खात होते.
त्यांचंही शिनच, जरा आखूड.
"आमचंच उचललं त्या वरच्यांनी, आणि लांबवलं."
बाल्हारात हेच उलटं ऐकलं होतं.
मला मात्र दोन्हींत माझा शीण ऐकू आला.
पेलाभर प्यालो,
आणि उतरला की थोडा.

बारा कोसांवर भाषा बदलते, म्हणतात आमच्याकडे.
इथं कोस उभे आहेत.
बारा मोजेपर्यंत दम कुठला टिकतोय.

तिसऱ्या दिवशी अख्ती. समूर नदीचा गढूळ गोंगाट,
लेज्गी सासरचं अंगण.
पिठाच्या हातांनी लेक धावत आली,
तिच्यामागे नात, समोरचे दोन दात पडलेली.
आधी लपली. मग पेला घेऊन आली,
अर्धा रस्त्यात सांडून.

"ल्हिम," शापी म्हणाला.
पोरीनं आईकडे पाहिलं.
आई यंत्राची दोरी सोडवत राहिली.
"याद," पोर म्हणाली,
चुकलेल्याला सांगावं तशी, सावकाश.

तो पेला धरून उभा.
"याद," म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला,
आणि सगळं प्याला.

माझ्या भाषेत तिनं त्याला काय दिलं होतं
ते मी सांगितलं नाही.
गाडीत जर्दाळूंवर माश्या बसू लागल्या होत्या,
मी पेटी उतरवायला गेलो.