चार बोटं

सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन
मी गाडीत अर्धी वाकलेय.
एक टोक डॅशबोर्डला, एक रणधीरच्या गुडघ्याला.
"श्वास रोखू नकोस, गुडघा मोजतेय, पोट नाही."
तो तरीही रोखतो.

अलकापुरीतल्या दुकानाबाहेर, तापलेल्या फरशीवर
जिग्नेशभाईंनी तीन सीट्स मांडल्यात.
एक पाळण्यासारखी, एक न्हाव्याच्या खुर्चीसारखी,
एक इतकी साधी की तिच्याकडे आधी कुणी पाहिलंच नाही.
"बेन, पुढे तोंड करून बसवा ने.
बेबीला रस्ता दिसेल, साहेबांना पाय सोडता येतील.
अख्खं बडोदं असंच बसवतं."

अख्खं बडोदं खरं तर मांडीवर घेतं.
वन्सं म्हणाल्याच होत्या, आईच्या मांडीला काय झालं?
काही नाही झालं, वन्सं,
ती क्लच दाबत असते.

रणधीर आता चालवत नाही.
सहा वर्षांपूर्वी, हालोलच्या रस्त्यावर
तो असाच, ड्रायव्हरच्या शेजारी, मित्राच्या लग्नातले पेढे मांडीवर घेऊन.
पुढे दिवे नसलेला ट्रक.
मांडीत पट्टी आहे, नऊ स्क्रू,
आणि गुडघा काटकोनाच्या बराच अलीकडे थांबतो,
दारात अडलेल्या म्हशीसारखा.
म्हणून त्याला जागा लागते.

आणि म्हणूनच, इंदुजाला घरी आणलं त्या दिवशी
पेढे वाटायचे सोडून तो म्हणाला,
ही उलटीच बसेल, जमेल तितकी वर्षं.
का, असं विचारणाऱ्याला त्याने काही समजावलं नाही.
फक्त हात मागे नेऊन
आपली मान दाखवली.

पहिली बादलीएवढी सीट आता तिला तोकडी पडते.
चौदा महिने. डोकं काठाशी आलंय.

पाळणा बसवला. बुडबुडा दोन रेघांमध्ये आला
आणि रणधीरचा गुडघा जवळजवळ ग्लोव्ह बॉक्समध्ये.
न्हाव्याच्या खुर्चीला खाली लोखंडी पाय होता.
"हिला पाय ठेवायला जागा आहे, मला नाही,"
तो हसून म्हणाला, पण घाम वेगळाच होता.
माझ्यामागे बसवावी? ते दार
रावपुऱ्याच्या रहदारीत उघडतं, रिक्षांच्या आरशांत.
मध्ये? मध्ये नुसता कमरेचा पट्टा.
"मी मागे बसतो," रणधीर म्हणाला.
मागे तर त्याचा पाय मावतच नाही.
हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणूनच सोपं होतं म्हणणं.

तेव्हा जिग्नेशभाईंनी चष्मा कपाळावर चढवला,
तिसरीचं पुस्तक डोळ्यांजवळ धरलं.
"बेबी मान धरते ने? एकटी बसते?
तर मग ही एवढी आडवी नको.
उभी करा. इथे लिहिलंय, दुसऱ्या रेघेपर्यंत चालेल."

खट्.
सीट ताठ झाली,
पुढची खुर्ची मागे सरकली
आणि डॅशबोर्ड आणि गुडघा यांच्यामध्ये
उजेडाची एक पट्टी दिसली.
टेप कुठे ठेवली आठवेना. मी हातच घातला.
चार बोटं.

इंदूने मान धरायला शिकली
ते आम्ही व्हिडिओत धरून ठेवलं होतं,
सगळ्यांना पाठवलं होतं.
तिने त्या दिवशी बापासाठी जागा केली
हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

घरी जाताना काळ्या घोड्याच्या सिग्नलला
ती मागच्या काचेतून एका डिलिव्हरीवाल्याला टाटा करते.
तो हेल्मेटची काच वर करून उत्तर देतो.
रणधीरला ती दिसत नाही, तिला तो दिसत नाही.
तो हात मागे नेऊन सीटच्या पाठीवर टकटक करतो.
जरा वेळ काही नाही.
मग आतून चमचा.

मी तिरक्या नजरेने त्याच्या गुडघ्याकडे बघते.
तीनच वाटतात.
घरी जाऊन परत मोजू.