दांडे

पुसदच्या पुढे, पाटबंधारे खात्याच्या क्वार्टरमागे
कोजागिरीच्या आसपास बाबा मांडव घालायचे.
मनाशे झिराडकर, ओव्हरसियर.
दीडशे मैलांत आमच्या घराखेरीज
शब्बाथ पाळणारं दुसरं घर नव्हतं.

तीन बाजूंना गेल्या साली राहिलेल्या तुराट्या,
चौथी क्वार्टरची भिंत,
वर सागाची पानं, मुद्दाम विरळ.
छतातून चांदणी दिसली नाही तर मांडव बाद.
सागाचं पान पडलं ताटाएवढं;
आई काठीनं भोकं पाडायची,
आणि आभाळ जरा जरा आत यायचं.

झिंगू मडावी मोजणीची साखळी धरायचा.
उंबऱ्याशी उकिडवा बसून म्हणाला,
"काहून जी साहेब, सालभर गिट्टी-सिमीट मोजता,
अन् देवासाठी हे असं?
एका वाऱ्यात उडून जाईन ना."

बाबा म्हणाले, तो आधी तंबूतच राहिला, झिंगू.
चाळीस वर्षं.
ढग उठला की खुंट्या उपटायच्या,
फळ्या, पडदे, बकऱ्याच्या केसांच्या कनाती
बैलगाड्यांत भरायच्या.
ढग बसेल तिथं पुन्हा ठोकायच्या.
पेटी मात्र गाडीत नाही. खांद्यावर.

"आमचा पेनबी खांद्यावरच जाते," झिंगू म्हणाला,
आणि जरा आत सरकून बसला.

पुढं शिलोला दगडी भिंती आल्या,
छप्पर मात्र कापडाचंच.
"म्हंजे माह्या घरावानी.
भिती उभ्या झाल्या, टिनाले पैसे नाई."
बाबा इतके हसले की चहा सांडला.

मग एका राजानं पक्कं बांधलं.
देवदार, सोनं, सात वर्षं काम.
पेटी आत ठेवली, आता कुठं जायचं नाही.
तरी तिचे दांडे कड्यांतून काढायचे नाहीत,
असा जुनाच हुकूम होता.
दांडे लांब; टोकं बाहेरून दिसायची.

"मंग ते घर रायलं का?"
"नाही. दोनदा बांधलं, दोनदा गेलं."
"अन् दांडे?"
बाबा वरचं एक पान सारखं करत राहिले.

त्या साली नकाशावर तांबडी रेघ आली होती,
पूर्ण संचय पातळी.
रेघ बाबांनीच ओढलेली, बारीक निबानं.
आत तीन गावं, बारा विहिरी,
आणि झिंगूच्या कुळाचं ऐनाचं झाड,
ज्याच्या बेचक्यात पेन गाठोड्यात निजायचा.

तक्त्यात रकाना होता:
धार्मिक स्थळ, कच्चे की पक्के.
पक्क्याला मोबदला. झाडाला काही नाही.
कंदिलापाशी बाबा बराच वेळ बसले.
मग लिहिलं: पक्के.
वरच्या साहेबानं ते लाल शाईनं खोडलं,
समासात प्रश्नचिन्ह, खाली मेमो.

मांडव उतरवायच्या दिवशी झिंगू आला,
आत नाही बसला.
"दोन बांबू देता का? सरळ पाह्यजेत."
बाबांनी मांडवाचेच काढून दिले.
त्या रात्री ढोल खूप लांबपर्यंत ऐकू येत होते,
मग येईनासे झाले.
बांबू परत आले नाहीत, आम्ही मागितलेही नाहीत.

बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती,
मला, झिंगूला नाही.
ज्या डोंगरावर देव उतरला
त्याला शिवलं तर मरण, माणसाला काय, जनावराला काय.
पण शिंग लांब वाजलं की झालं;
तो साधा डोंगर, चढू द्या कुणालाही.
आज तो नेमका कुठला, कुणी खात्रीनं सांगत नाही.
बाबांना ते आवडायचं. मला तेव्हा भीती वाटायची.

आता मी इथंच असते, पक्क्या घरात.
मांडव गच्चीवर घालते, पानं जरा जास्तच विरळ.
मे महिन्यात धरणाचं पाणी उतरतं,
गाळातून ऐनाचं काळं खोड वर येतं,
भोवती कोवळं गवत.
गुराखी पोरगा खोडावर बसून
मोबाईल बघत असतो,
आणि गाई चरत चरत
पार तिथपर्यंत जातात.