समभाग

माटुंगा रोडच्या त्या दुकानात वर्मूथ
अगदी वरच्या फळीवर असते,
ट्यूबलाइटच्या उबेत, धूळ पांघरून,
देवळात कुणी विसरून गेलेल्या छत्रीसारखी.
नरसय्या स्टुलावर चढून म्हणतो,
"मॅडम, ही चार वर्षं इथंच आहे. मुरली असेल."
मी मान हलवते. नको.
मुरायला हे लोणचं नव्हे.
ही मुळात वाईन. हिला वय चढत नाही, लागतं.

मागचं लेबल वाचते.
आयात करणाऱ्याचा भिवंडीचा पत्ता,
त्याखाली तारीख, इतकी बारीक
की चष्मा कपाळावरून खाली आणावा लागतो.
अर्धी बाटली असेल तर अर्धीच द्या.
शुक्रवारी एक, फार तर शनिवारी एक.
पिणारी मी एकटीच.

घरी फ्रिजच्या दारात जागा करते,
कोकमाचं आगळ आणि नानांचे डोळ्यांचे थेंब
यांच्या मध्ये.
लपवायचं म्हणून नाही.
म्हणजे, थोडं तेही.

नाना छत्तीस वर्षं आसवं-अरिष्टं विकत फिरले,
लालबाग ते कल्याण,
चामड्याच्या बॅगेत नमुन्याच्या बाटल्या,
स्वतः कधी सुपारीचं खांडही न खाता.
ते निवृत्त झाले. नाक झालं नाही.
परवा ताक शोधताना ती त्यांच्या हाती लागली.
बूच काढून हुंगत उभे राहिले,
फ्रिज उघडा म्हणून ओरडतोय,
आणि मी, बावन्न वर्षांची, मोठमोठ्या कंपन्यांचे
हिशेब तपासणारी,
भिंतीला टेकून. वहीत चिठ्ठी सापडल्यासारखी.

"कुठल्या कंपनीचं द्राक्षासव?"
इटलीचं, म्हटलं.
"दालचिनी आहे. संत्र्याची साल. काडेचिराईत असावं.
आणि हा... थांब..."
डोळे मिटले.
"दवणा.
नाहीतर दवण्याचा कुणी चुलतभाऊ."

वर्मूथ हे नावच एका कडू झुडपाचं,
दवण्याच्या कुळातलं.
हे कळायला मला आठवडाभर वाचावं लागलं होतं.
त्यांना एक श्वास.

मग मीच धीट झाले.
कपाटामागची, दिवाळीपासून उघडी, बाहेर राहिलेली
ती पुढे केली.
"ही गेली. शिरका झालाय. वांग्यात घाल."
भाचीनं विमानतळावरून आणलेली, सोनेरी बुचाची, महागडी
तीही.
"अत्तर लावलंय हिला. कडू झाकायला गोड घालतात, बये,
इथं गोड खपवायला कडू घातलंय."
आणि परत त्या अर्ध्या बाटलीकडे वळून,
चमचाभर जिभेवर धरून, कितीतरी वेळानं:
"हिचं कडू शेवटी येतं.
निघालेला पाहुणा उंबऱ्यावर थांबून
खरं काम सांगतो ना, तसं."

ग्लासात बर्फ. नानांचाच जुना मापाचा पेला,
तीस मिलीची रेघ पुसट झालेला.
जिन एक माप, ही एक माप,
ती तिसरी, लालभडक कडवट, एक माप.
ते शेजारी उभे, तपासनीसासारखे.
"समभाग?"
समभाग.
त्यांना पटलं. वैद्यकात बसणारं आहे.
चव घेऊन बघा म्हटलं, तर हात झटकला.
"ते तुझं. मला हिचीच, दोन चमचे,
जेवणानंतर, समभाग पाण्यातून."

एरवी आमच्या घरात नऊनंतर
बातम्यांचा आवाज आणि दोन बंद दारं.
त्या रात्री बाटलीवर चिकटपट्टी लावली,
त्यांनी थरथरत्या, पण वळणदार अक्षरात
उघडल्याची तारीख घातली,
पुढे "सहा आठवडे", त्याखाली रेघ,
आणि सवयीनं, रेघेखाली:
वापरण्यापूर्वी हलवावे.

खरं तर हलवायचं नसतं. हळूच ढवळायचं,
बर्फाचा आवाजसुद्धा होऊ न देता.

मी खोडलं नाही.