पाऊण इंच

खाणीच्या कॉलनीमागे नऊ भोकांचं मैदान.
हिरवळ नावालाच. भोकाभोवती वाळू,
जळकं तेल कालवून थापलेली, काळी कुट्ट,
तिला साहेब लोक ग्रीन म्हणतात.
अकरा वर्षं मी इथे पिशवी वाहतो.

खानझोडे साहेब मार्चात पुण्याला जाऊन आले.
तिथे म्हणे मशीनसमोर उभं केलं,
मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावली,
काठीच्या तळाला पट्टी चिकटवून पाहिलं
कुठे घासते, टाचेला की नाकाला,
आणि मग काठ्या वाकवल्या. दोन अंशांनी.
दोन अंश! आमच्याकडे मे महिन्यात
निंबाच्या आणि बाभळीच्या सावलीत
याहून जास्त फरक असतो.
मापाचे सहा हजार, काठ्यांचे वेगळे.
काठ्यांचे किती
ते मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

"मोतीराम, खरं सांग, फरक पडला?"

मी काय सांगणार.
पहिला चेंडू अजून उजवीकडच्या बाभळीतच जातो.
चेंडू निघायच्या आधी साहेब मान वर करतात,
हे मी फुकटात सांगितलं असतं,
अकरा वर्षांत कधी विचारलं असतं तर.
पण लबाडी कशाला करू,
चौथ्या भोकावर, सात नंबरच्या लोखंडानं
परवा एक आवाज आला,
वाळलेली सागाची फांदी मोडावी तसा, एकच, कोरडा.
साहेब हातातल्या काठीकडे बघत राहिले.
मीही.

जुनी सात नंबर त्यांनी मला देऊन टाकली.
मला ती लांब. घेऊन गेलो
लहानूजी मिस्त्रींकडे, वखराची दांडी बाजूला सारून
त्यांनी ती उलटीपालटी केली,
हा खेळ कुठला ते काही विचारलं नाही.
"उभा राय. हात सोड. खांदे कायले चढवतं बे?"
मनगटाला सुतळी लावली, खाली सोडली, गाठ मारली.
काठीच्या बुडाला गेरू फासला,
उंबऱ्याच्या दगडावर तीनदा टेकवायला लावली.
गेरू उठला टाचेकडे.
"लांब हाय. पाऊण इंच."
कापली. सायकलची ट्यूब गुंडाळली,
माझ्या मुठीत बसेना म्हणून सोडली, परत गुंडाळली.
पैशाचं विचारलं तर म्हणाले,
पोळा झाल्यावर पाहू.

रात्री चंद्रकलेला सगळं रंगवून सांगितलं.
ती खुरपं धूत होती, बाजारातलं,
गावातल्या झाडून साऱ्या बायांना एकाच मापाचं.
ओला तळहात पुढे केला तिनं.
अंगठ्याच्या मुळाशी घट्टा, जुन्या अधेलीएवढा.
"वीस वर्सं निंदून राहिली मी.
मले काहून नाही मोजलं कोणं?"
मी हसलो.
हसणं तसंच तोंडावर राहून गेलं.

तिची मूठ मिस्त्रींनी तिच्याच बोटांनी मोजली,
धावड्याच्या काडीवर खुणा करत.
खुरप्याची मान जराशी वाकवली.
किती अंश, कोण जाणे.

कपाशीत तिचं तास
इतर बायांच्या पुढे जात नाही, बरोबरीनंच जातं.
रोजी तेवढीच.
फक्त संध्याकाळी भाकर थापताना
ती मधेच थांबून हात झटकत नाही आता.
हे मी तिला बोललो नाही.
तिच्या लक्षात आलंय की नाही, माहीत नाही.

आज पाचव्यावर साहेबांनी परत विचारलं,
"पैसे पाण्यात गेले का रे?"
समोर बाभळी, पलीकडे खाणीच्या मातीचा डोंगर.
लहानूजींचं नाव ओठावर आलं
आणि मी ते गिळलं.
उद्या जीप त्यांच्या दारात उभी राहील,
परवा सुतळीलाही दर लागेल.
"मान खाली ठेवा साहेब," म्हटलं,
"आन् सहा नंबर घ्या. वारा तोंडावर हाय."