बारका मेंदू

एकतीस वर्षं झाली मला कळव्याच्या या हॉलमध्ये.
बादलीत हात घालून मेंदू काढायचा,
वास उतरेपर्यंत नळाखाली धरायचा,
मग ट्रेमध्ये. पालथा.
नवी पोरं मोठ्याकडेच बघतात,
अक्रोड, अक्रोड म्हणतात.
मागे, खाली, तंबूच्या पडद्याआड
हा बसलेला असतो. बारका.
दीडशे ग्रॅम, मी तोललाय.
अंगभर आडव्या घड्या,
दमट कपाटात चिकटून गेलेल्या वहीसारख्या.

कर्णिक मॅडम सांगतात,
घड्या उलगडल्या तर पट्टी मीटरभर लांब भरेल,
आणि पेशी मोजल्या तर मोठ्यापेक्षा जास्त.
मी मोजल्या नाहीत.
मी सुरी लावतो, बरोबर मध्ये,
दोन गोळ्यांच्या बेचक्यात अळी झोपलीय तिथे,
आणि दोन्ही अर्धी उताणी ठेवतो.
आत झाड असतं.
पांढरं, पानापानापर्यंत गेलेलं.
दरवर्षी कुणीतरी पोरगी "अय्या" म्हणते.
मला ते दरवर्षी आवडतं.

घरी हे कधी सांगितलं नाही.
बायको खारेगावची. नाव काहीही असो, सगळे बारकीच म्हणतात.
खाजणाच्या वीतभर बांधावरून
डोक्यावर भारा घेऊन चालायची,
मागे वळून वळून मैत्रिणीशी भांडत.
पाय कुठे पडतोय ते बघायची नाही.
मग कोण बघत होतं?

गेल्या श्रावणात चहाचा कप थरथरला.
मांडीवर ठेवला की हात गप्प.
ओठ चार बोटांवर आला की
वारं भरल्यासारखा.
मग बोलणं सुटं झालं,
एकेक अक्षर सुपात निवडायला टाकल्यासारखं.
टाकून आल्यासारखी चालते, शेजारीण म्हणाली,
माझ्यादेखत.
"मना चक्कर नाय येत," बारकी म्हणाली,
"पाय आयकत नाय."

ओपीडी माझ्याच आवारात.
डॉक्टर पोरगा ओळखीचा,
पहिल्या वर्षी माझ्या ट्रेसमोर उलटी केली होती त्यानं.
तुमच्या नाकाला बोट लावा, आता माझ्या बोटाला.
बोट गालावर गेलं.
टाचेला अंगठा टेकवत रेघेवरून चाला.
फरशीची रेघ. खाली पाणी नाही, चिखल नाही.
तीन पावलं.
मग म्हणाला, तळहात उलटा, पालटा, भराभर.
ती हसली. "भाकरी थापाची ना?"
आणि हात
वाटेत विसरले कुणाची पाळी आहे ते.
त्यानं कागदावर लिहिलं.
मला वाचता येतं ते.

फोटोत पानांमध्ये फटी पडलेल्या.
त्या रात्री मॅडमचं एक वाक्य आठवलं,
मागच्या बाकावर पोरं पेंगत असताना बोललेल्या:
त्या घडीतल्या पेशी, पंख्यासारख्या पसरलेल्या,
त्यांना एकच शब्द येतो.
नको.
हात मोठा मेंदू पाठवतो.
हा नुसता म्हणत राहतो,
एवढं नको. अजून नको. इथून पुढे नको.
जोर तिचा तसाच आहे, पाटा एकटी सरकवते.
आतला नको म्हणणारा तेवढा बसलाय.

हल्ली सकाळी ती परातीपुढे बसते, मी तिच्यामागे.
तांदळाची उकड, वाटीत पाणी.
थापते तीच. मला येतही नाही.
तिच्या मनगटांवर माझी दोन-दोन बोटं,
हात फार सुटला
की जरासं.
कधी मी उशीर करतो, कधी उगाच अडवतो.
भाकरीला एका बाजूने शेपूट फुटतं,
मधे भोक.
"यवऱ्या... जो-रान... न-को," ती म्हणते.
मी बोटं सैल करतो.
तव्यावर ती फुगते, भोकातून वाफ जाते तरी थोडी फुगते.

साडेआठला बादली उघडायची असते.
नळाखाली धरताना आताशा
मागचा भाग मी अंगठ्याने दाबत नाही.