बारा

पाच वर्षं डॉक्टर ऑल्डरिज म्हणत राहिले, रिपोर्ट नॉर्मल आहे.
खालची रेघ एकशे ऐंशी, माझे एकशे चौऱ्याण्णव.
चौदा आकड्यांनी मी धडधाकट.

मग माझ्या नावाकडे बघून, समजूतदारपणे:
शाकाहारी असाल.
अहो, मी वेंगुर्ल्याची.
बांगड्याचं डोकंसुद्धा न सोडणारी,
आणि राहते ग्रिम्सबीत,
जिथे धुतलेल्या चादरींनाही गोदीचा वास येतो.

ताटात कधीच काही कमी नव्हतं.
खाडीवर तारी असतो ना, या काठाचं त्या काठाला नेणारा,
तसा एक पोटातही असतो.
माझा माझ्याच माणसांनी बुडवला.
त्याचा तपास केला, निगेटिव्ह आला.
आजार असलेल्या निम्म्या लोकांत तो असाच येतो
हे मला पुढे कळलं,
दवाखान्याबाहेर.

तोवर पाळी जायचं वय झालं होतं,
मग मन उदास होतं, त्याच्या गोळ्या झाल्या,
मग, जरा चालत जा.
गेले.
क्लीथॉर्प्सच्या वाळूत एक चप्पल मागेच राहिली
आणि मला पत्ता नाही.
कुणाच्या तरी कुत्र्याने ती तोंडात धरून आणली,
मालकीण माफी मागत होती.
मी पायाकडे बघत होते,
शेजाऱ्याच्या पायाकडे बघावं तसं.

जिभेला हाड नसतं, ठाऊक होतं.
खडबडही नसते कधीकधी.
ओल्या गोट्यासारखी लालभडक, गुळगुळीत,
शब्द तिच्यावरून घसरतात.
दूध वर येत होतं आणि मी हेरंबला म्हणत होते
ते दे, अरे ते, तापलेलं धरायचं, दोन पायांचं...
त्याने टॉवेल दिला.
दूध गेलं.
सांडशी.
आठवली बुधवारी, बसमध्ये, काही कारण नसताना.

विनिफ्रेड, पलीकडच्या घरातली, चाळीस वर्षं मासे कापलेली,
तिच्या आजीला हेच होतं.
रोज कच्चं काळीज, संत्र्याच्या रसात कालवून,
नाक दाबून.
"त्याआधी लोक नुसते मरायचे," ती म्हणाली
आणि बिस्किटांचा डबा पुढे केला.

आता सुई आहे. कोकमाच्या आगळासारखी लाल.
बारा आठवड्यांनी एक.
आमच्याकडे बारा वाजले म्हणजे सगळं संपलं,
इथे माझे नवव्या आठवड्यातच वाजतात:
बोटांना मुंग्या, जिन्यावर धाप,
दुपारी तीनला डोक्यात धुकं, हंबर नदीवर उतरतं तसं.
नर्स लिनेटला सांगते, थोडी आधी द्या ना.
ती चांगली आहे. स्क्रीन माझ्याकडे वळवते.
कॉम्प्युटर नाही म्हणतो, लव्ह.
पुन्हा रक्त तपासू का? आकडा तर आता छान आहे.

आकडा छान आहे.
मी घरी येऊन कॅलेंडरवर चौकोन मोजते,
भिंतीला एक हात लावून,
कारण डोळे मिटले की तोल जातो.

आज बारावा.
लिनेट बाही वर करायला सांगते.
कुठल्या हातात देऊ?
ज्याला कळेल, त्यात.