वाटणीपत्र

गाडी तशी बुटकी.
आमच्या साहेबांच्या टेबलाला चाकं लावली तर एवढीच होईल, मुजाहिद म्हणतो.
तीन सिलिंडर, दोन दारं, फुगलेले मडगार्ड,
मागची सीट काढून तिथं लोखंडी पिंजरा
आणि पट्ट्यांनी आवळलेली एक स्टेपनी.
टपावर हवा आत घ्यायचं झाकण.
त्यातून अख्खा पाटोदा तालुका
माझ्या वहीवर येऊन बसतो.

सोमवार ते शुक्रवार मी मोजणी खात्यात.
कुणाचा बांध, कुणी सरकवला दगड,
साखळी कुठून धरायची यावरच अर्धा दिवस जातो.
सुट्टीला मी मुजाहिदच्या डाव्या हाताला,
पाच पट्ट्यांत करकचून,
हेल्मेटातल्या माइकात वळणं वाचत:
उजवं चार, शंभर, उंचवटा,
डावं दोन, आवळतंय, कापू नको, आत विहीर.
सुरुवातीला इंग्रजीत लिहून पाहिलं होतं.
वेगात इंग्रजी मला उशिरा सुचतं,
आणि या गाडीत उशीर म्हणजे बाभळ.

जब्बारचाचांनी पहिल्या दिवशी
गाडी जॅकवर घेतली, मला खाली झोपवलं.
"हा मधला डब्बा बघ.
इंजिनाची ताकद इथं येती.
पुढच्या दोघांना चाळीस, मागच्यांना साठ,
पण ते कागदावरचं.
जे चाक घसरलं त्याचं हा काढून घेतो,
ज्याचा पाय टिकलाय त्याला देतो.
तारीख नाही, वकील नाही."
मी म्हणाले, चाचा, आमच्याकडंही
ज्याचा पाय टिकलाय त्यालाच जातं.
चाचा पाना पुसत राहिले.
"हां. पण इथं घसरलेलाबी संगंच पोचतो ना."
ग्रीसचा एक थेंब तेवढ्यात
गालावर पडला माझ्या.

तिसरी स्टेज. डोंगरकिन्हीच्या पुढं, अकरा किलोमीटर मुरूम.
टर्बो आधी दम खातो
मग पाठीत गुडघा घालतो.
पाय सुटला की सायलेन्सर फुटतो,
गोफण सुटल्यागत, ज्वारीवरची पाखरं उठतात.
हँडब्रेक उभा, उसाच्या कांड्याएवढा.
ओढला की डब्बा मागच्या दोघांचा हात सोडतो,
गाडी स्वतःभोवती फिरते, परत धरतो.

सातव्या किलोमीटरला गट नंबर दोनशे चौदा.
नागरगोजे चुलतभावांचा वाद,
दोन वर्षांपूर्वी मीच मोजलेला.
"डावं तीन, रुंद," मी वाचलं.
रुंद नव्हतं.
गुरुवारी पाहणीला होतं, रविवारी नव्हतं.
मधल्या दोन रात्रींत कुणीतरी
खुणेच्या दगडापर्यंत नांगर घातला होता, वर पाणी सोडलं होतं.
दगड बरोबर जागी होता.
नकाशा माझा, खालची सही माझी,
रस्त्यानं इतकी वर्षं खाल्लेलं सहा फूट
ज्याचं त्याला परत मिळालेलं.

उजवी दोन्ही चाकं काळ्यात गेली.
मला खिडकीत फक्त ढेकळं दिसली.
मुजाहिदनं गॅस सोडला नाही.
खाली कुठंतरी डब्ब्यानं हिशोब केला,
बुडणाऱ्यांचं घेतलं, मुरमावरच्या दोघांना दिलं,
आणि आम्ही तिरपे, मग सरळ,
मग पुन्हा रस्त्यावर.
"पुढं?" तो ओरडला.
पुढचं वळण मी एक श्वास उशिरा वाचलं.
एवढंच. अकरा सेकंद गेले, मागचा एक मडफ्लॅप गेला.
आमचा नंबर चौथा आला.

सोमवारी साडेदहाला
उत्तरेश्वर नागरगोजे खिडकीशी उभा.
खताच्या पिशवीतून लाल रबर काढून
त्यानं रजिस्टरवर ठेवलं, चिखलासकट.
"मॅडम, तुमचंच हाय का हे?
माझ्या हद्दीत घावलं."

मी तारीख घातली,
गट नंबर घातला,
आणि त्याला पोच दिली.